जुळत्या जोडीचा हट्ट

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याशी जमवून घेतो आहे का? ताईंची खुशाली विचारत नाही, ती आमच्याकडे फोनवरून रोज येते आणि सविस्तर येते. आम्हीही मजेत आहोत.

मागच्या भेटीत तुम्ही चारचौघांत विचारलंत, ‘तुम्ही दिवसभर नेमकं करता तरी काय?’ तोंडात घास होता म्हणून गप्प बसलो. आता सांगतो. आमच्या गच्चीवरचा लोखंडी मनोरा मी स्वतः वेल्डिंग करून उभा केला. त्याला तिन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा मीच ताणल्या. टेकडीवरची उपकरणांची खोली मी बांधली (दार घासतं, पण तो लाकडाचा दोष). बॅटऱ्यांचं कपाट, वीज पडली तर ती जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी, झाडून सगळ्या केबलींची टोकं, सगळं या दोन हातांनी केलेलं आहे, तेही कुठल्या कॉलेजची पायरी न चढता. शहरातलं इंटरनेट आमच्या गच्चीपर्यंत तारेने येतं, तिथून हवेतून टेकडीवर जातं, आणि टेकडीवरून पलीकडच्या वसाहतीतल्या घराघरांत उतरतं. एवढंच करतो.

यातला गच्ची ते टेकडी हा हवेतला टप्पा म्हणजे धंद्याचा गळा. तोच आवळला गेला होता. आजवर मी फुकटच्या लहरींवर काम चालवत होतो. त्या लहरी कुणीही वापराव्यात, आणि आता खरंच कुणीही वापरतो. संध्याकाळ झाली की माझा रेडिओ (गाण्यांचा नव्हे, लहरी सोडणारा-पकडणारा डबा), पलीकडच्या इमारतीचा रेडिओ, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा रेडिओ, सगळे एका सुरात ओरडायचे आणि वसाहतीतल्या लोकांचे चेहरे पडद्यावर थिजायचे. लोक कंटाळून मोठ्या कंपनीकडे वळू लागले. त्या कंपनीच्या टायवाल्या साहेबांनी मला निरोपही धाडला, ‘विकून टाका, भाव बरा देऊ.’ मग मी ठरवलं, परवान्याची लहर घ्यायची. सरकारी कार्यालय एक पट्टा आपल्या एकट्याच्या नावाने राखून ठेवतं, त्यात दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही.

आता रेडिओ कुठला घ्यायचा? साडूभाऊ, हा प्रश्न तुम्ही समजता तसा दुकानात जाऊन बोट दाखवण्याचा नाही. वरची लहर घेतली तर डिश लहान लागते, पण जोराच्या पावसात सिग्नल विरघळतो. खालची घेतली तर पाऊस काही करत नाही, पण डिश एवढी मोठी की वारा सुटला की मनोराच निघायचा प्रवासाला. एका कंपनीचं सगळं यंत्र एकाच डब्यात खांबावर टांगायचं, दुसरीचं अर्धं वर आणि अर्धं खोलीत. मी तक्ते केले. भिंतीवर नकाशा लावून टेकडीपर्यंत दोरा ताणला (तुमची मेहुणी त्यावर रुमाल वाळत घालायची). ती म्हणाली, ‘हे घर घेताना एकदाच येऊन बघून गेलात, आणि या डब्यासाठी घरादाराची झोप उडवलीत.’ तिला म्हटलं, घराला सिग्नल लागत नाही. शेवटी मधली लहर, मध्यम डिश आणि एकाच डब्यातलं यंत्र ठरवलं. ही निवड बिनचूक होती. पुढचं वाचताना हे वाक्य लक्षात ठेवा.

माल आला. मी प्रत्येक वस्तू उलगडून तपासतो हे तुम्हाला माहीत आहे (तुमच्याकडच्या पंख्याचे स्क्रू मीच मोजले होते, एक कमीच निघाला). दोन्ही रेडिओ शेजारी ठेवले, भिंग लावलं आणि लबाडी पकडली! एकाच्या पाठीवर ‘एच’ होता, दुसऱ्याच्या पाठीवर ‘एल’. मी जुळती जोडी मागवली होती आणि डीलरने दोन वेगळे रेडिओ गळ्यात मारले होते. मी त्याला दीड पानी पत्र लिहिलं. त्यात ‘गिऱ्हाइकाला आंधळा समजू नये’ असं एक वाक्य होतं, ते मला स्वतःलाच फार आवडलं. ‘एल’वाला परत पाठवला. डीलरचा फोन आला, पण त्याने ‘अहो साहेब, ते तसंच’ एवढं म्हणताच मी ‘तसंच असेल तर तुमच्या घरी ठेवा’ म्हणून ठेवून दिला. त्याने दुसरा ‘एच’ धाडला. आता कशी जोडी झाली, राम-लक्ष्मणासारखी!

मनोऱ्यावर जागा एकच होती, म्हणून जुना रेडिओ उतरवून नवा चढवला. चढणारा आमचा नेहमीचा माणूस, त्याला सगळे घार म्हणतात. टेकडीवर घार, गच्चीवर मी आणि खाली लॅपटॉपसमोर तुमची मेहुणी. डिश केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. ती खालून ओरडायची, ‘शून्य!’ पुन्हा फिरवली. ‘शून्यच!’ केबल बदलली, टोकं पुन्हा केली, दुर्बीण लावली. वाटेत शाळेच्या आवारातलं एक उंच झाड दिसलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन त्या झाडावर एक भाषण दिलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘झाड काल उगवलं का?’ मी निघून आलो. तिकडे टेकडीवरून घार फोनवर म्हणाला, ‘दादा, हा रेडिओ मुका नाही, बहिरा आहे.’ मी त्यालाही दम दिला.

वसाहत पूर्ण अंधारात, म्हणजे इंटरनेटच्या अंधारात. फोन वाजून वाजून गरम झाला. नेमक्या त्याच दुपारी टायवाले साहेब गच्चीवर हजर झाले. बंद डिशखाली खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, भाव सांगितला आणि म्हणाले, ‘आता तरी ऐका.’ मी नाही म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाही ठाऊक नव्हतं. इंटरनेट बंद, गिऱ्हाइकं चिडलेली, आणि मी आपला मनोऱ्याला पाठ टेकून राजासारखा नाही म्हणालो.

संध्याकाळी जेवताना तुमची मेहुणी सहज म्हणाली, ‘तुम्ही आणि भाऊजी फोनवर बोलता तेव्हा दोघंही एकदमच बोलत असता, ऐकत कुणीच नाही. हे डबे तसलेच तर नाहीत ना?’ मी हसलो. हसता हसता घास हातातच राहिला. परवान्याच्या कागदावर दोन लहरी होत्या, वरची आणि खालची, एक जायला आणि एक यायला. फुकटच्या लहरींवर दोन्ही टोकांना एकसारखा रेडिओ चालतो, त्याची मला वर्षानुवर्षांची सवय. इथे मात्र एकाने वरच्या लहरीवर बोलायचं आणि खालच्या लहरीवर ऐकायचं, दुसऱ्याने बरोबर उलट. ‘एच’ म्हणजे वर बोलणारा, ‘एल’ म्हणजे खाली बोलणारा. मी दोन बोलके सख्खे भाऊ समोरासमोर बसवले होते आणि ऐकणारा दीड पानी पत्रासकट परत पाठवला होता.

सकाळी स्कूटरवरून डीलरकडे गेलो. त्याने टेबलाखालून डबा काढून पुढे ठेवला. माझं पत्र त्याला अजून चिकटलेलं होतं. दुपारी घारीने तो टेकडीवर चढवला, डिश केसभर हलवली आणि खालून आवाज आला, ‘अहो, आलं! आकडे पळतायत!’ तेव्हापासून एकदाही अडखळलेलं नाही. मध्ये एक चांगली झड येऊन गेली, तिनेही काही केलं नाही. फोन वाजत नाही. साडूभाऊ, न वाजणाऱ्या फोनाशेजारी बसून चहा पिण्यासारखं सुख मी दुसरं पाहिलेलं नाही. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. डीलरच्या दुकानात हल्ली एक पत्र काचेत मढवून लावलेलं आहे म्हणे. त्या बाजूला गेलात तर दुसऱ्या फुटपाथने जा.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. टायवाल्या साहेबांनी भाव सांगितला तेव्हा तुमची मेहुणी चहाचे कप घेऊन खाली गेली होती. नंतर तिने विचारलं, किती म्हणाले? मी म्हणालो, ‘किरकोळ.’ आता ते साहेब तिला बाजारात भेटले आहेत आणि ‘वहिनी, तुमच्या यजमानांना समजवा’ असं म्हणून गेले आहेत. आकडा अजून बाहेर पडलेला नाही, पण पडेल. तुमचा जन्म बँकेत गेला, पैशाच्या बाबतीत ती माझं नाही, तुमचं ऐकते. तेव्हा येत्या रविवारी ताईंना न सांगता एकटेच या आणि ‘नाही म्हणालात ते शहाणपणाचंच झालं’ असं तिच्यासमोर खणखणीत सांगा. आल्यावर दचकू नये म्हणून रक्कम आधीच कळवतो. वरची सगळी उपकरणं, मनोरा, टेकडीवरची खोली, गिऱ्हाइकं, शिवाय मला पगारी साहेब म्हणून खुर्ची, या सगळ्याचे मिळून त्यांनी देऊ केले होते एकसष्ट लाख.