अर्धा मिलिमीटर

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून तुला वाटेल, बाबांचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे आणि मीही. पण फोनवर तू मधे मधे बोलतेस, आणि मला हे सगळं एका दमात सांगायचंय. तेव्हा आधी बातमी ऐक. गोल्फची स्पर्धा पार पडली, अठराच्या अठरा ग्रीन शेवटच्या दिवसापर्यंत हिरवीगार राहिली, आणि तुझा बाप चार दिवस कॉलर ताठ करून फिरतोय. तुझी आई म्हणते, मान अवघडेल. तिला अजूनही सगळं गवत एकच वाटतं. भोकाभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या तुकड्याला ग्रीन म्हणतात आणि माझे केस त्याच्यापायीच पांढरे झाले, हे तिला तीस वर्षांत पटलेलं नाही.

झालं असं, की स्पर्धेच्या तीन आठवडे आधी क्लबचे सेक्रेटरीसाहेब आमच्या मशीनच्या शेडमध्ये आले. तेच ते, हिरव्या टोपीचे, गवतावर चालताना जमिनीवर उपकार केल्यासारखे चालणारे. म्हणाले, चेंडू काचेवरून पळावा तसा पळाला पाहिजे, पाती खाली घ्या, अडीच मिलिमीटरवर. बाहेर ऊन रणरणत होतं. मी मान हलवली. तीस वर्षं हलवत आलोय, मानेला सवय आहे. ते गेले आणि मी कापायचं मशीन उलटं करून मोजपट्टी लावली, पाना हातात घेतला, आणि पाती खाली घेण्याऐवजी अर्धा मिलिमीटर वर घेतली. तिनाची साडेतीन. कोणाला बोललो नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे आईनं तुला सांगितलं असेलच. कारण मात्र तिलाही माहीत नव्हतं. चेंडू रेंगाळला असता तर माझी नोकरी गेली असती, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं मला?

मग रोज तोच पाठ. उजाडायच्या सुमारास लांब काठीनं दव झाडायचं, कापायचं, आणि एक दिवसाआड हलका रोलर. वाळू अगदी चाळणीतून भुरभुरवल्यासारखी, तीही एकदाच. आमचा लंबू रोलरवर बसून कुरकुरायचा, की हे गवत आहे की पोळपाट. मी त्याला म्हटलं, गप लाट. माझं खरं लक्ष दुसरीकडेच होतं. रोज सकाळी भोक बदलताना मातीची जी कांडी निघते, ती मी हातात घेऊन मुळं बघायचो. मागच्या वर्षी या दिवसांत ती बोटाच्या एका पेराएवढी होती. यंदा अख्ख्या बोटाएवढी, पांढरी, तरतरीत. सातव्या ग्रीनवरची कांडी बघितली तेव्हा तर मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो. लंबूला वाटलं, मला चक्कर आली.

सातवं. तू म्हणशील, आता आलात मुद्द्यावर. मागच्या वर्षी तू दोन महिने आमच्याकडे शिकायला होतीस आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणालीस, की एवढ्या उन्हात इतकं खाली कापलं तर मुळं आखडतील. पाती थोडी वर घ्या आणि वेग रोलरनं मिळवा. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. पुस्तकातलं गवत पुस्तकातच उगवतं, म्हणालो. सगळे हसले. तू तुझी वही उचललीस आणि बाहेर गेलीस. पुढे आठ दिवसांत सातवं ग्रीन वाळून पेंढा झालं, आणि मी सगळ्यांना सांगितलं, पंप बंद पडला होता. ठमे, पंप एक मिनिटही बंद पडला नव्हता. तू ते जाणून होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस, ते मला जास्त लागलं.

आता मजा ऐक. स्पर्धेच्या सकाळी पंचांनी ग्रीनचा वेग मोजायची ती उतरती पट्टी लावून तिच्यावरून चेंडू सोडला. तो घरंगळत निघाला तो थांबायचं नावच घेईना. साडेदहा फूट! मागच्या वर्षी जेमतेम नऊ होता. सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांदेखत टाळी वाजवली आणि पंचांना सांगितलं, बघा, मी खाली कापायला लावलं त्याची ही करामत. मला गप्प बसता आलं असतं. पण मी खिशातली मोजपट्टी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, गवत मोजा. साडेतीन भरलं. साहेबांचा चेहरा पडला. पंचांनी हसून विचारलं, ही युक्ती कोणाची? समोर लंबू होता, शेडमधली सगळी मंडळी होती, त्या दिवशी हसलेली सगळी. मी म्हणालो, "माझ्या मुलीची. मागच्या वर्षीच सांगितलं होतं तिनं. मी ऐकलं नाही म्हणून सातवं जळलं. पंपाचा काही दोष नव्हता."

कोणी हसलं नाही. लंबूनं टोपी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन विचारून गेले, की पाती कायम साडेतीनवरच ठेवायची का. मी म्हटलं, उन्हाळाभर तरी.

आता पत्र का लिहिलं ते. त्या नव्या मैदानानं तुला मुख्य माळी म्हणून बोलावलंय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस, हे आईनं मला काल सांगितलं. का नाही, तेही सांगितलं. बाबांनीच माझं ऐकलं नाही, तिथली वीस अनोळखी माणसं काय ऐकणार, असं म्हणालीस म्हणे. ते वाक्य मी रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. बाळा, हो म्हण. ती माणसं आधी हसतीलही, माझ्यासारखी दोन-चार तर नक्कीच भेटतील. त्यांना सांग, माझ्या हाताखालचा पहिला माणूस तीस वर्षांचा मुरलेला होता, हट्टी होता, आणि त्यानं ऐकलं.

तुझाच,
बाबा