लेओंतिनने न केलेली सही

४ ऑक्टोबर १९४८
आपल्या अडतीस पाद्र्यांनी सह्या केल्या! पोपला सोडलं, सरकारच्या मुठीतल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेलो — एवढंच लिहिलंय कागदावर. निम्म्यांची लग्नं लेओंतिननेच लावलेली, मग दीक्षाही त्यानेच दिलेली. यादी वाचली आणि ताटावरून उठला.
"शिव्या नको देऊस, ताई. त्यांना बायकापोरं आहेत. मला काय, तू एकटी."

१९ ऑक्टोबर
पोलिसांचा कॅप्टन आला. माझ्या हातची आलुबुखाराची दारू ढोसली. "बिशपसाहेब, सही करा. घर राहील, चर्च राहील. फक्त वरचा साहेब बदलायचा!"
लेओंतिन म्हणाला, "तुमचा आधी बदलून बघा. जमलं की मला कळवा."
स्वयंपाकघरात तोंडावर फडकं दाबून हसले. मग त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले.

२८ ऑक्टोबर
नेलं. सकाळची प्रार्थना अर्धीच राहिली.

११ जानेवारी १९४९
दोन दिवस गाडीत. तुरुंगाच्या दाराशी लोकरीचे मोजे, खारवलेली चरबी, कांदे दिले. पहारेकरी म्हणे, "या नावाचा इथे कुणी नाही, आजी."
मग पुडकं का ठेवून घेतलंस रे, भामट्या?

६ जून १९५०
घरावर सरकारी कुलूप. कोपऱ्यावरच्या विधवेकडे एक खोली मिळाली. इस्पितळाच्या चादरी धुते. मुकादमीण म्हणाली, "बिशपची बहीण ना तू? मग कर की या पाण्याचं तीर्थ!" सगळ्या हसल्या. मीही हसले. भाकरी त्यांच्याच हातात.

१७ मे १९५३
कचेरीत बोलावलं. कारकून वर न बघताच — "हृदयविकार. दोन वर्षं झाली."
दोन वर्षं! दोन नाताळ मी मेलेल्या माणसाला पुडकी पोचवली.
"थडगं कुठंय?"
"घरी जा, आजी."

१८ मे
प्रार्थना केली नाही. उद्याही करणार नाही.

२ ऑगस्ट १९५५
धुराडं साफ करायला एक माणूस आला. पुढचे दात नाहीत. दार लावून घेतलं, हळूच म्हणाला, "बाई, मी पाद्री. बिशपसाहेबांच्याच कोठडीत होतो. जायच्या आठवडाभर आधी, गवताच्या गादीवर पडल्या पडल्याच, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. मला बिशप केलं."
काजळीनं भरलेला त्याचा हात मी कपाळाला लावला.
नाव? ते या वहीतसुद्धा लिहायची नाही.