मखमलची मुलगी आणि पेटीची किल्ली

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि. इकडे मी, माझी पाठ आणि दुकान, तिघंही ठीक.

पंधराव्या कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण पत्र्याच्या पेटीत घालून आज बसने रवाना केलं. किल्ली उद्या रजिस्टरने वेगळी पाठवतो, नेहमीप्रमाणे. तू हसशील, हस. पण या वेळचं कुलूप मी स्वतः घडवलंय, सात लिव्हरचं, आणि किल्लीशिवाय ते उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कथानकं चोरणारे लेखक काय, ते तर लहान चोर.

चौदा पुस्तकं तिजोऱ्या फोडून आपला खलनायक मखमल गेल्या वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडला आणि मेला, हे तूच टाइप केलंस. वाचकांनी ते मनावर घेतलं. म्हणून आता त्याची मुलगी आणलीय. प्रकाशकांचं म्हणणं, तिने परिचारिका व्हावं आणि बापाची पापं फेडावीत. मी त्यांना सांगितलं, लोक मखमलचं पुस्तक थर्मामीटर बघायला उघडत नाहीत. माझी पोरगी बापाच्या दोन पावलं पुढे आहे. या प्रकरणात ती केसातल्या आकड्याने नव्वद सेकंदांत अनाथाश्रमाची तिजोरी उघडते. रक्त आहे ते, कुठे जाणार?

तुझ्या खारीचं पत्र आलं. दुकानात काम शिकायला येऊ का, असं पुन्हा विचारलंय. उत्तर तेच. बाबांनी विकलेल्या प्रत्येक कुलपाची तिसरी किल्ली स्वतःकडे ठेवली आणि चार वर्षं आत बसले. पोलिसांनी हत्यारं नेली, मोडकी कुलपं टाकून गेले, त्यांवर मी एकटा शिकलो. तेव्हापासून तीस वर्षं मी गिऱ्हाइकासमोर दोन किल्ल्या ठेवतो आणि तीन वेळा मोजायला लावतो. त्याच बाकड्यावर बाबांची नात बसवली, तर गल्ली पुन्हा आपापल्या कड्या चाचपायला लागेल. तुझ्या पोरीला टायपिंग शिकव.

लोभ आहेच, तो वाढवायच्या भानगडीत न पडता प्रकरण लवकर पाठव.

तुझा दादा


ता. १२ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि. पाठीला शेक दे आणि वाकून कुलपात डोळा घालणं कमी कर.

प्रकरण टाइप करून पाठवलंय. मी कचेरीत असताना किल्ली आली म्हणे. घरी आले तर खारीने पेटी उघडून टेबलावर ठेवलेली. टाइप करायला दुसऱ्या दिवसाची रजा काढलेली होती, ती वाया गेली नाही. बाकी तुझं कथानक चोरायचं तर चोराला ते आधी वाचावं लागेल, तेव्हा कुलपाची काळजी तू उगाच करतोस.

आता मखमलच्या मुलीबद्दल. तू आणि तुझे प्रकाशक, दोघंही एकाच माळेचे मणी. वाईट बापाचं लेकरू एक तर दुप्पट वाईट, नाही तर थेट देवमाणूस. मधे कोणी राहतच नाही का? साधी, सर्दी झालेली, बसची वाट बघणारी माणसं? मग आपण दोघं कुठे बसायचं? बाबांचे पुढे आलेले कान तुला आलेत, आणि खोटं बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची खोड मला. या दोन वस्तूंवर मी तरी आजवर दरोडा घातलेला नाही.

आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांना तूच तीनतीनदा किल्ल्या मोजायला लावतोस, मग लोक विसरतील कसे? खार तुझं पत्र वाचून जेवली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती नुसती टेबलाच्या खणाचं कुलूप फिरवत बसली. तू तिच्याबद्दल जे लिहितोस ते मखमलबद्दल लिही, निदान तो मेलाय, त्याला लागणार नाही.

नवीन काही नाही. माझी छत्री एका काडीने लंगडी झालीय, कोणी केली कळत नाही.

तुझ्या लोभातला माझा वाटा खारीच्या नावावर कर.

धाकटी


ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि. हे पत्र बसून वाच.

टाइप केलेले एकतीस कागद माझ्यासमोर आहेत. त्यांच्या शेजारी पेटीची किल्ली आहे. आज जाकीट धुवायला काढलं, तर आतल्या खिशात सापडली, पोस्टाच्या पाकिटासकट. या कुलपाची एकच किल्ली मी घडवली होती आणि ती माझ्या खिशाबाहेर कधी गेलीच नाही.

मग पेटी कोणी उघडली? पेटीबरोबर उघडंच परत आलेलं कुलूप मी भिंगाखाली धरलं. भोकाच्या कडेला एक ओरखडा नाही. बाबांचंही काम असंच स्वच्छ असायचं.

मी म्हणत होतो ना? वाद मी जिंकलो. जिंकून सकाळपासून जेवलेलो नाही.

उलट टपाली खुलासा कर, लोभाचं नंतर बघू.

दादा


ता. २१ मार्च

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि. आईने तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि घसा खाकरून म्हणाली, की ती काही बोलणार नाही. त्यानंतर तासभर बोलली.

पेटी मी उघडली. किल्ली चार दिवस आली नाही, आईची रजा दुसऱ्या दिवशी होती. किल्ली आली असं मी तिला सांगितलं, ते खोटं होतं, त्याबद्दल तिची माफी मागितलीय. छत्रीबद्दलही.

पण मामा, तुमच्या प्रकरणात चूक आहे. केसातला आकडा तिसऱ्या लिव्हरलाच वाकतो. मी आमचे सहा वाकवले. छत्रीची काडी लागते, आणि ती एक नाही, तोडून दोन. एकीने कुलपाचा दांडा दाबून धरायचा, दुसरीने लिव्हर उचलायचे. नव्वद सेकंदही खोटे आहेत. मला बावीस मिनिटं लागली. सगळ्यात खालची स्प्रिंग तुम्ही मुद्दाम जड घातलीय ना? तिथेच नऊ मिनिटं गेली. फार सुंदर कुलूप आहे.

उघडल्यावर त्याची किल्ली मला घडवता आली असती. आजोबा तिसरी ठेवायचे, मी एकही ठेवली नाही. त्यात मोठेपणा नाही, मला ती नकोच होती. मखमलच्या मुलीचंही मला तसंच वाटतं. ती तिजोरी उघडेल, आत डोकावेल आणि तिला कंटाळा येईल. माझं झालं तसं. मजा सगळी कुलपात होती, प्रकरणात नव्हती. राग मानू नका.

मला दुकानात घ्याल का, हे आता शेवटचं विचारते. नाही म्हणालात तर टायपिंग शिकेन.

रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका, आधीच पुरवून वापरते आहे.

तुमची खार


ता. २६ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र समोरच्या घड्याळवाल्याला वाचून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, की पोरगी थापा मारते. मी त्याची छत्री मागून घेतली, एका काडीच्या दोन केल्या आणि माझ्याच कुलपाला भिडलो. तो घड्याळ धरून बसला. सत्तेचाळीस मिनिटं. त्याला ती अठ्ठेचाळीस वाटली, पण त्याची घड्याळं पुढेच असतात.

तपशिलात मी चुकत नाही, अशी माझी ख्याती आहे. प्रकरण दुरुस्त केलंय. आकडा गेला, छत्री आली, नव्वद सेकंदांची बावीस मिनिटं झाली. मखमलची मुलगी तिजोरी उघडते, आत डोकावते, दार परत लावते आणि अनाथाश्रमाच्या बाईंना उठवून सांगते, की तुमची खालची स्प्रिंग सैल आहे, उद्या दुरुस्त करायला येईन. प्रकाशक म्हणाले, हे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मी म्हटलं, असंच असतं.

आता तुझं. येत्या सोमवारी सकाळी नऊला ये. दुकान बंद असेल. दाराला नवीन कुलूप आहे, आठ लिव्हरचं. मी समोर घड्याळवाल्याकडे बसलेला असेन आणि उठणार नाही. नऊला गल्लीतलं प्रत्येक दुकान उघडं असतं, प्रत्येक माणूस रस्त्यावर असतो, म्हणूनच ती वेळ. बाबांच्या नातीने काय केलं, ते उजेडात, सगळ्यांसमोर होऊ दे.

किल्ली पाठवत नाही. आईची छत्री आणू नकोस, घड्याळवाल्याच्या छत्रीत अजून सात काड्या शिल्लक आहेत.

लोभाची चिंता नको, त्याला मी कुलूप घालत नाही.

तुझा मामा