दुसऱ्या ओळीवरची सही

वाकड,
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप रंगरावमामांस,
भाची वर्षालीचा शि. सा. नमस्कार.

दिघी ते वाकड अंतर बसने दीड तासाचं आणि टपालाने पाच दिवसांचं. पण कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या आवाजाने तुमचे कान नेले आणि मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

तुम्ही विचारलंत, एवढ्या मोठ्या, जुन्या कंपनीत दिवसभर बसून मी नेमकं करते काय. सध्या शिकते. आमच्या तळवड्याच्या ऑफिसात रहिमान शिकलगार म्हणून सर आहेत, चोवीस वर्षं याच कंपनीत. चाकणच्या एका कारखान्यात कुठला माल कोणत्या ट्रकने किती वाजता पोचायचा, हे ठरवणारा जुना प्रोग्रॅम ते सांभाळतात. गुरुवारी कारखाने बंद, हे कुणीही सांगेल. पण कार्तिकीला आळंदीचा रस्ता अडतो म्हणून ते चार दिवस ट्रक आधी सोडायचे, हे सरांना ठाऊक. एक ओळ निरुपयोगी समजून मी पुसायला निघाले, तर म्हणाले, की ती कुणी आणि का लिहिली ते आधी विचार, मग हात लाव.

याला आमच्याकडे केटी म्हणतात. एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं, सहा आठवड्यांत. शेवटी शिकणाऱ्याने फॉर्मवर दोन ओळींपुढे सही करायची: मला सगळं शिकवलं गेलं, आणि यापुढे हे काम मी एकटीने सांभाळीन. मला वाटलं, बढती आली. परवा कॅन्टीनमध्ये कळलं, की ही सही झाली की सर प्रोजेक्टमधून मोकळे. मग दोन महिने त्यांना बिनकामाचं बसवायचं आणि राजीनामा मागायचा. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरचे अकरा जण असेच गेले. सरांना हे सगळं माहीत आहे, तरी रोज दहाच्या ठोक्याला खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसतात.

मामा, मी ती सही करणार नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर ओरडू नका.

मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.
तुमची,
वर्षाली


दिघी,
२५ जानेवारी २०२५

चि. वर्षालीस,
रंगरावमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचायला घेतलं. अर्धं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मला ऐकू येत नाही. मग मीच वाचलं.

ओरडू नका म्हणतेस, म्हणजे ओरडण्यासारखं आहे हे तुला कळतं. सही कर. तू नाही केलीस तर शेजारच्या टेबलावरचं कुणी करील आणि शिकलगारांच्या जोडीला तूही घरी बसशील. भावजी गेल्यावर तुझ्या आईने भोसरीत बारा बारा तास पॅकिंग करून तुला शिकवलं, ती आता कुठे जरा टेकली आहे. तुमच्याकडे युनियन नाही, घोषणा द्यायला गेटसुद्धा आपलं नाही. तू कुणाच्या जिवावर उड्या मारतेस? मामी म्हणते, मी म्हातारा झालो म्हणून असं लिहितो. झालो असेन.

माझा राग धर, पण नोकरीही धर. तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.
तुझा,
रंगरावमामा


वाकड,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

राग धरला नाही, पण ऐकलंही नाही. आणि चांगलीच तोंडावर आपटले.

शुक्रवारी फॉर्म आला. पहिल्या ओळीपुढे मी लिहिलं, की अजून बरंच शिकायचं बाकी आहे. दुसरी कोरी ठेवली. मोठा पराक्रम केला असं वाटत होतं. तासाभरात एचआरने सरांनाच बोलावलं. शिकणं अपुरं राहिलं म्हणजे शिकवणाऱ्याने हात आखडता घेतला, असा त्यांनी अर्थ लावला आणि सरांकडून लेखी खुलासा मागितला. चोवीस वर्षांत या माणसावर एक ठपका नव्हता.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, की नोकरी जायची तर जाऊ दे, पण रहिमानने चोरून ठेवलं असं कुणी म्हणायला नको होतं. मग त्यांनी विचारलं, की माझ्या शिकवण्यात काय राहिलं ते दाखव. काही राहिलेलंच नाही, मामा. मी खोटं लिहिलं होतं. रोज सरांच्या पत्नी शहाजादीभाभी त्यांच्या डब्यात माझ्या वाटच्या दोन चपात्या जास्त देतात. त्या दिवशी सर एकटे जेवले.

मॅनेजर रणजीत सरांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. सही नीट झाली नाही तर बिनकामाच्या यादीत माझं नाव. सही केली तर सर जाणार, नाही केली तर त्यांची अब्रू. मला फार लाज वाटते आहे. काय करू ते लिहा, आणि लवकर लिहा.

रागावलात तरी माया कमी करू नये.
तुमची,
वर्षाली


दिघी,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

आधी त्या भल्या माणसाची माफी माग. मग पुढचं वाच.

आमच्या शॉपमध्ये मोठ्या प्रेसवर दोन माणसं असायची. दोघांनी आपापली बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. एका वर्षी साहेबांनी ठरवलं, एक माणूस पुरे, आणि एका बाजूची बटणं कायमची दाबून बांधून टाकली. माझा जोडीदार गणराज म्हणाला, की एकट्याने जमत नाही. त्यांनी लगेच अकुशल म्हणून शेरा मारला आणि त्याच्या हातात झाडू दिला. मी म्हणालो, की मला जमतं, पण मी एकटा चालवणार नाही. त्यावर कसला शेरा मारणार? पंधरा दिवस घरी बसवलं. मी बसलो. आज माझी दहाही बोटं जागच्या जागी आहेत.

येत नाही म्हणणं ही पळवाट, पोरी. येतं म्हणायचं आणि नाही म्हणायचं. हे मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण भीती वाटली, की तू माझं ऐकशील.

आईची काळजी करू नकोस, तिच्याशी मी बोलतो. आशीर्वाद पाठीशी आहेतच.
तुझा,
रंगरावमामा


वाकड,
१३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

उशिराबद्दल क्षमा असावी. माफी मागितली तेव्हा सरांनी डब्यातल्या दोन चपात्या माझ्याकडे सरकवल्या.

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला पहिल्या ओळीपुढे स्वच्छ सही केली. दुसरी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, की मला हे काम येतं, मी ते एकटीने करणार नाही, शिकलगार सरांसोबत करीन. रणजीत सर म्हणाले, की या फॉर्मवर असं लिहायला जागा नाही. मी म्हणाले, की समासात मावलं. सरांवरचा ठपका त्यांना मागे घ्यावा लागला आणि मला त्याच दुपारी प्रोजेक्टमधून काढलं. तेव्हापासून चौथ्या मजल्यावर बिनकामाची बसते. पंधरा दिवसांत राजीनामा मागतील. मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं आणि का काढलं ते लेखी द्यावं. भीती वाटते, पण लाज वाटत नाही.

माझ्या जागी सरांपाशी आम्रपाली नावाची मुलगी बसवली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी मुद्दाम तिच्याशी एक शब्द बोलले नाही, तिची नोकरी तिची. परवा शुक्रवारी तिचे सहा आठवडे संपले. तिनेही पहिल्या ओळीपुढे सही केली, दुसरी खोडली आणि आपल्या अक्षरात लिहिलं, की एकटीने करणार नाही.

मग रणजीत सर टेबलाटेबलापाशी तिसरं माणूस शोधत फिरले. संध्याकाळपर्यंत नऊ जणांना विचारून झालं. नऊही जणांनी सांगितलं, की शिकायला केव्हाही बसतो, दुसऱ्या ओळीवर सही मात्र मिळणार नाही.

मंगळवारी सर नेहमीसारखे दहाला आपल्या जागेवर येणार आहेत. लोभ आहेच, थोडा वाढवलात तरी चालेल.
तुमची,
वर्षाली