टाका दिसेल असा

दि. ४ जून

चि. सौ. धाकटीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

लिहून देणार तुझा दादा, वय वर्षे एक्याऐंशी पुरी, धंदा रफूकाम, हल्ली निवृत्त, शिक्षण इयत्ता चौथी, वर्गात पहिला. लिहून देतो की, तुझी वहिनी होती तोवर तुझ्याशी पत्रव्यवहार तिच्याकडे होता. तिला जाऊन वर्ष झाले. सबब हे काम आता माझ्याकडे आले आहे.

बैठकीच्या खोलीतील फोटो तुला स्मरत असेल. आई, बाबा, वहिनी, मी आणि उजव्या टोकाला तू. एक्केचाळीस वर्षांपूर्वी सदर फोटोस उजव्या बाजूने इजा झाली. त्यावर तू कळवलेस की, भिंतीवरच्या फोटोत पुन्हा दिसेन त्या दिवशीच या घराचा उंबरा ओलांडीन. बोललीस ते पाळलेस. ही आपल्या घराण्याची खोड आहे.

सूनबाईंचे कोपऱ्यावर झेरॉक्सचे व पासपोर्ट फोटोंचे दुकान आहे. तेथील संगणकात फोटो दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम आहे. तो मी रीतसर शिकत आहे, रोज दहा ते बारा. त्यात क्लोन स्टॅम्प नावाचे अवजार आहे. दोरा कोठून घ्यायचा ते आधी दाखवायचे, मग भोकावर घासायचे. म्हणजे रफूच. सूनबाई म्हणाल्या, आत्याबाईंचा दुसरा कुठलाही फोटो चिकटवू. मी साफ नकार दिला. रफूला दोरा त्याच कापडाचा लागतो. तरी तो तुकडा तुझ्याजवळ असल्यास पाठवावा.

मेहुण्यांना नमस्कार सांगण्याची सक्ती नाही, तरी सांगावा.

लोभ आहेच, तो उसवू नये.

तुझा दादा

दि. १३ जून

ती. स्व. दादास शि. सा. न.

पत्र वाचलं आणि आधी भांडंभर पाणी प्यायले. फोटोला इजा झाली म्हणे! अरे, तूच कात्रीने मला कापलंस, पाकिटात घातलंस आणि पोस्टाने धाडलंस. सोबत चिठ्ठीचा चिटोराही नाही. आणि कड अशी सरळ कापलेली की त्याचाच जास्त राग आला. रागाच्या भरात माणसाचा हात जरा तरी हलावा की नाही?

माझा गुन्हा काय, तर तुम्ही सगळे तोंडं पाडून बसला होतात आणि मी एकटी हसले. फोटोग्राफरकडे बघून हसले, आणि दोन महिन्यांनी त्याच्याशीच लग्न केलं. बस्स.

तुकडा बटणांच्या डब्यात जपून ठेवलाय, पण इतक्यात मिळायचा नाही. एकदा तुझ्या हाती सापडले तेव्हा काय झालं ते ठाऊक आहे. आधी उरलेल्या चौघांवर हात बसव आणि नमुना पाठव. हे म्हणतात, फोटोवर हात फिरवायला शिकण्यात त्यांची सहा वर्षं गेली, तुझ्या दादाला सहा महिने तरी द्यावेत. सांगताना गालात हसत होते. का, ते आत्ता सांगत नाही.

संगणकापुढे फार बसू नकोस, मान धरेल. माया आहे, तूर्त डब्यात बंद.

तुझी कापलेली धाकटी

दि. २ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद, तुझे पत्र टोमण्यांसह पावते झाल्याचे कळवून.

नमुना सोबत जोडला आहे. त्याविषयी खुलासा पुढीलप्रमाणे. बाबांच्या कोटाच्या सुरकुत्या काढताना चेहऱ्याच्याही निघाल्या. बाबा आता माझ्या मुलाहून लहान दिसतात. आईला मध्यंतरी तीन हात झाले होते. पैकी एक मी कमी केला. तो बहुधा खरा असावा. सेव्ह झाल्याने परत येईना.

एका वकिलांच्या पासपोर्ट फोटोत शर्टाची शिवण उसवलेली दिसली. ती मी शिवून दिली, आणि सवयीने त्यांच्या कपाळावरचा व्रणही बुजवला. कचेरीतून अर्ज परत आला की, फोटोतला इसम हा नव्हे. वकीलसाहेब दुकानात येऊन बरेच बोलले. शिवणीबद्दल मात्र एक शब्द नाही.

अनडू नावाची एक सोय आहे. कळ दाबली की कापलेले होते तसे सांधते. साठ वर्षांच्या धंद्यात मी असे पाहिले नव्हते. त्या दिवशी मी एक कोपरा अठ्ठावीस वेळा कापला व अठ्ठावीस वेळा सांधला. सूनबाईंनी विचारले, एवढं चुकतंय तरी काय? मी म्हणालो, काही नाही, सराव.

तुकड्याची वाट पाहत आहे. लोभात वाढ व्हावी, टोमण्यांत नाही.

दादा

दि. २२ ऑगस्ट

ती. स्व. दादास शि. सा. न., आणि वकीलसाहेबांना माझी सहानुभूती.

बाबांना बघून ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, सासरे इतके गुळगुळीत असते तर मागणी घालताना माझे पाय लटपटले नसते.

तुझ्या सरावाचा परिच्छेद मी दोनदा वाचला. तुकडा सोबत आहे. सांभाळ.

आता खरं सांगते. त्या फोटोची निगेटिव्ह ह्यांच्याकडे आहे, पहिल्या दिवसापासून आहे. पाचही जण, अख्खे, आई दोन हातांची. उद्या छापून मिळेल. सांगू नकोस, शिकू दे त्याला, असं ह्यांनीच मला बजावलं होतं. चिडू नकोस. पाठवू का?

डब्याचं झाकण आता उघडं आहे.

धाकटी

दि. १६ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

निगेटिव्ह पाठवू नये. मेहुण्यांनी माझ्याशी दोन-अडीच महिने मौन धरले, याचा राग नाही. मी त्यांच्याशी एक्केचाळीस वर्षे धरले होते.

निगेटिव्हमधून निघेल तो कधीच न कापलेला फोटो. तो टांगला तर मी काही केलेच नाही, असे होईल. मी केले आहे. कात्री माझी होती, हातही माझाच, आणि तो हलला नाही ही आणखी लाजेची गोष्ट. पहिल्या पत्रात मी इजा असा शब्द वापरला, तो मागे घेतो.

तुकडा जागेवर बसला आहे. तू हसते आहेस. इतक्या वर्षांनी पाहता, त्यात आक्षेपार्ह काही आढळले नाही. तुझ्या व माझ्या खांद्यांमध्ये एक बारीक रेघ उरली होती. सूनबाई म्हणाल्या, पुसून टाका, दोन मिनिटांचं काम. मी पुसली नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाला टाका दिसू दिला नाही. हा एक दिसेल असा ठेवला आहे.

आज सकाळी अकरा वाजता फोटो बैठकीच्या खोलीत टांगला. त्या समयी हजर असलेले साक्षीदार:

१. सूनबाई, शिकवणाऱ्या.
२. माझा मुलगा, खिळा ठोकणारा.
३. वकीलसाहेब, व्रणासह, नव्या फोटोसाठी आले होते.
४. ही जागा रिकामी सोडली आहे. तुला या कागदाची नक्कल पाठवत आहे, अस्सल येथे टेबलावर आहे. टपालाने आलेली सही धरली जाणार नाही.

तुझा दादा

(अस्सल कागदावर, वेगळ्या शाईत)

४. धाकटी, समक्ष. टाका पाहिला. राहू दे.
५. हिचा फोटोग्राफर. सासूबाईंचा खरा हात सोबत आणला आहे.