आईच्या खणातली पट्टी

ता. ४ जानेवारी

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुला पाठवायचं पार्सल परत आलं. आलं कसलं, मीच काखेत मारून घरी आणलं. बाटली लोकरी मोज्यात घालून वर टॉवेल गुंडाळला होता. पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे विचारलं, मी म्हटलं मोजे. त्यांनी पुडकं कानाशी नेऊन हलवलं आणि तुमचे मोजे डुचमळतात म्हणाल्या. परदेशी टपालाने अत्तर, सेंट काही चालत नाही म्हणे. त्यात स्पिरिट असतं, विमानात पेट घेईल. मग तेल समजून घ्या म्हटलं, तर पातळ काहीच नको म्हणाल्या. वर हसून सांगितलं, वास मात्र छान सुटलाय. बाटली गळत होती. रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं, मला सोडून.

आता लपवत नाही. त्या तापानंतर माझं नाक गेलंय. दूध करपलं तरी पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल तेव्हा येईल. आईचं अत्तर मी नुसत्या मापावर करते. गिऱ्हाइकं छान छान म्हणतात, पण आईच्या वेळेपासून अत्तर नेणाऱ्या शिक्षिकाबाई परत फिरकल्या नाहीत. विचारू कोणाला? अत्तरवालीला वास येत नाही हे बाहेर फुटलं की दुकान संपलंच. आईचं अत्तर ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून बाटली पाठवायची होती.

थंडीत कान झाकत जा. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

ता. २६ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

या वयात पोस्टातून चोरटा माल! आणि खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. पण नाकाचं वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतके दिवस एकटीच गिळून बसलीस?

मी तरी कुठे वेगळी आहे म्हणा. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी उपसते. केसांना, हातांना, खाते त्या पावालाही औषधी पाण्याचा वास येतो. खोलीवर बोलायला कोणी नाही. किटलीने शिट्टी घातली की तिलाच आले गं बाई म्हणते.

डोकं चालव ना जरा. गिऱ्हाइकाला वास द्यायला आपण कागदी पट्टी अत्तरात बुडवतो, तशी एक बुडव, वाळव आणि पाकिटात घाल. कोरड्या कागदाला कोण अडवणार?

माया पातळ होऊ देऊ नकोस, ती चालते टपालाने.

तुझी चिमणी

ता. १५ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

पट्टी सोबत आहे. चुकलं असेल तर चुकलं असंच लिही. शेजारचा शिंपी दुकानाची जागा मागतोय. तुझं उत्तर आलं की त्याला हो किंवा नाही सांगेन. माझी कीव तेवढी करू नकोस.

वाट पाहते.

ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पाकीट फोडलं आणि जिन्यातच बसले. आई गं! तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की यायचा, तोच वास. खूप रडले, पण बरं वाटलं. शिंप्याला खुशाल नाही म्हणून सांग.

अशीच जवळ येत राहा.

चिमणी

ता. २ एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद.

ती पट्टी कोरी होती. कशातही बुडवली नव्हती.

तू खरं लिहितेस का, तेवढंच बघायचं होतं. वाटलं, तू फणकाऱ्याने लिहिशील की ताई, यात काहीच नाही, मग मी हसेन आणि खरी पाठवेन. तू मला खूश करायला लिहिलंस, कळतं मला. पण इथे सगळेच माझ्याशी गोड बोलतात गं. खरं बोलणारं एक माणूस आहे असं मी धरून चालले होते.

खरी पट्टी आता सोबत ठेवतेय, कशाला ते मलाही माहीत नाही. मेअखेर शिंप्याला किल्ली देईन.

जपून राहा.

ताई

ता. २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने आधी राग आला, मग मलाच माझी शंका यायला लागली. इस्त्रीवर माझ्याशेजारी एक बाई असते, तिला आपल्या घरचं काही ठाऊक नाही. तिला डोळे मिटायला लावले. इथला कागद नाकाशी धरला, काही नाही म्हणाली. मग तुझी कोरी पट्टी धरली. तिने विचारलं, हे कोणाच्या कपाटातलं?

ताई, पट्टी तू दुकानातल्या टेबलाच्या, आईच्या खणातून काढलीस ना? तिच्या हातून आयुष्यभर तिथे अत्तर सांडलंय. त्या खणातल्या सगळ्याला आईचा वास आहे, तुझ्या पत्रांच्या कागदालाही. म्हणून तर तुझी पत्रं मी उशाशी ठेवते. तुलाच तेवढा येत नाही, आणि मला हे आधी सांगायचं सुचलं नाही.

आता खरी पट्टी. ती चुकलीय. लवंग इतकी झालीय की गुलाब पार दबला. लवंग घालताना आई हात आखडता घ्यायची. शिक्षिकाबाई उगीच नाही गेल्या. लवंग निम्मी कर आणि दुसरी पट्टी पाठव. चुकलं तर पुन्हा चुकलं म्हणून लिहीन, अगदी तू चिडेपर्यंत.

शिंप्याला किल्ली देऊ नकोस.

तुझी चिमणी, आणि तूर्तास तुझं नाक