खर्रर्ररावांचा मुका कॉम्प्युटर

वाटूर, रविवार

इजहार, माझ्या लाडक्या भांडखोरा,

आधी सलाम, मंग नमस्कार. तुला दोन्ही लागतात. खैरुनभाभींचे गुडघे कसे आहेत? पुण्यात लेकाच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू असते ना? (आमच्याकडं दिवसभर लाईट राहिली तर लोक पेढे वाटतील.) माझी तब्येत बिलकुल बराबर. एकट्यापुरती भाजी करणं अजून जमत न्हाई, म्हणून रात्रीची उरलेली सकाळी नव्या उत्साहानं खाऊन राह्यलो.

तर तक्रार अशी, की जालन्याचं दुकान बंद करायच्या आधी तू मला जो कॉम्प्युटर जोडून दिल्ता, तो खरखरतो. चालू केला की पिठाची गिरणी! शेजारच्या दुर्गाबाई एखाद्या दिवशी दळणाचा डबा घेऊन येतील, अशी मला धास्ती होती. इतकी वर्षं सोसलं. पण नंदा गेल्यावर त्यात तिच्या आवाजाची एक फाईल सापडली. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला उखाण्यांची स्पर्धा होती, तिचा सराव तिनं कॉम्प्युटरपुढं बसून केल्ता. (मी तेव्हा शाळेत शिकवायला गेल्तो. माझ्यासमोर कशाला घेईल नाव!) जन्मभर आमचा संसार "अहो, ऐकलं का" वर चालला. उखाणा असा: "वाटूर फाट्याला उतरली सरकीची गोणी, खर्रर्ररावांच्या कॉम्प्युटरला समजवावं कोणी!" नेमकं नावावरच खर्रर्र. काय म्हणावं या दगडाला?

मला तिच्या तोंडून माझं नाव एकदा ऐकायचं होतं, बाकी काही न्हाई. खरखर आतल्या फिरत्या हार्डडिस्कची, म्हणून मुकी हार्डडिस्क घ्यायची ठरवलं आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन जीपनं जालन्याला गेलो. (शेजारचा माणूस सारखा विचारी, पेशंट कोण आहे?) दुकानदार राधेश्याम म्हणाला, गुरुजी, जागा किती पाहिजे? म्हटलं, एक उखाणा मावला म्हणजे झालं. त्यानं खोबऱ्याच्या वडीसारखी चपटी डबी दाखवली. एसएसडी म्हणतात. आत काहीच फिरत न्हाई म्हणून आवाज न्हाई, आणि वेग तर विचारूच नको. मी कानाला लावून पाहिली. गिऱ्हाइकं हसली. हसू दे, कलिंगडसुद्धा मी वाजवल्याशिवाय घेत न्हाई. जुन्यातलं सगळं त्यानं नवीत उतरवून दिलं.

घरी येऊन बटण दाबलं. पूर्वी तो चालू होईपर्यंत माझा चहा करून पिऊन व्हायचा. आता खुर्चीत टेकायच्या आत हा हजर! आणि शांतता तर इतकी, की मला माझंच पोट ऐकू आलं. हात जोडून फाईल लावली. गोणी उतरली, आणि पुन्हा खर्रर्र!

दुसऱ्या दिवशी तणतणत राधेश्यामकडं. मला फसवलं, हे दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं. त्या शहाण्यानं फाईल स्वतःच्या मोबाईलवर घेऊन लावली, तर मोबाईलही खर्रर्र! तेव्हा माझी ट्यूब पेटली. नंदा बोलत होती तेव्हा हा बाबा शेजारीच दळत बसला होता. खरखर त्या आवाजातच मिसळलेली. खीर करपलेली, आणि मी पातेलं घासून राह्यलो! राधेश्यामनं कसल्याशा प्रोग्रामनं आवाज धुऊन पाहिला. खरखर गेली, तिच्याबरोबर नावही गेलं. नुसतं "रावांच्या" उरलं. कोणत्या रावांच्या? म्हटलं राहू दे बाबा, होतं तसंच दे. कारण शेवटी ती त्या कॉम्प्युटरवर खेकसते, "मेल्या, गप की जरा!" ते मात्र स्वच्छ ऐकू येतं. रोज ऐकतो.

भाभींना सलाम.

तुझा,
गुरुजी (सगळ्या गावाचा)

ता. क. जुनी डिस्क टाकून दिली न्हाई. तिच्यात काही न ठेवता ती नुसती खरखरायला बसवता येते का? हसू नको. घर फार खायला उठतं रे.

ता. क. २. डिस्कचं राहू दे, खरं काम वेगळंच आहे. गावात मी गुरुजी, पोरांचा आबा, बँकेत काका. नावानं हाक मारणारी माणसं संपली, एक तू उरलास. फोन कर. ख्यालीखुशाली मंग विचार, आधी शाळेत मारायचास तशी "ए मच्छिंद्र्या" म्हणून हाक मार. कॉम्प्युटर बंद करून बसतो.